कुलूपकिल्ली : चोरालाही ठाऊक असलेलं कुलूप

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की व्हॉट्सॲपपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत जिथे तिथे ओपन सोर्सची कुलपं बसवलेली आहेत. विचार करून लिहिलेल्या परिच्छेदांवर कधी पत्र येत नाही, सहज लिहिलेल्या वाक्यावर मात्र ढीग येतो. या महिन्यात तसंच झालं. पत्रं लांब होती, ती कापून प्रश्नापुरती ठेवली आहेत. रागावू नका.

प्रश्न : ही सॉफ्टवेअरं उघडी असतात, कोणीही आतला कोड वाचू शकतो, असं तुम्हीच म्हणता. मग चोरही वाचणारच की! माझ्या ऑफिसात शंभरेक अशिलांची कागदपत्रं आहेत. ज्या कुलपाचा नकाशा बाजारात फुकट मिळतो ते मी माझ्या दाराला का लावू?
— एक सनदी लेखापाल, इचलकरंजी

उत्तर : लहानपणी तुम्ही 'च'ची भाषा बोललात का? आम्ही बहिणी बोलायचो. शब्दाचं पहिलं अक्षर काढून शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी च. 'मला नको'चं 'चलाम चकोन'. आत्या आली की तिच्यादेखत तिच्या शिऱ्याबद्दल बोलायला फार सोयीची. दोन उन्हाळे ही चैन चालली. तिसऱ्या वर्षी मी ताटावर बसून 'चलाम चकोन' म्हटलं आणि आत्या शांतपणे म्हणाली, "चरब." आणि वाढलेला शिरा उचलून घेऊन गेली.

त्या भाषेत युक्ती हेच गुपित होतं. ती फुटली तेव्हा त्या दिवसाचं बोलणं तर गेलंच, शिवाय मागची दोन वर्षं आत्याने काय काय ऐकलं असेल हाही घोर लागला. ऑगस्ट केर्कहॉफ्स नावाच्या भाषांच्या प्राध्यापकाने १८८३ साली एका फ्रेंच लष्करी नियतकालिकात हेच मांडलं. त्याचं म्हणणं असं की सांकेतिक लिखाणाचं यंत्र शत्रूच्या हाती पडलं तरी बिघडता कामा नये. गुपित ठेवायचं ते फक्त किल्लीचं, कारण किल्ली बदलता येते. यंत्र सगळ्या सैन्यात वाटलेलं असतं, ते कुठवर लपवणार?

आज तुमच्या मोबाइलमध्ये, वायफायमध्ये आणि कुलूपबंद पेन ड्राइव्हवर एईएस नावाची जी सांकेतिक कुलपाची पद्धत आहे, ती चव्हाट्यावरच निवडली गेली. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने १९९७ साली जगभर आवाहन केलं. १५ प्रस्ताव छाननीत उतरले, प्रत्येकाचं गणित जाहीर झालं, आणि जगातल्या तज्ज्ञांनी एकमेकांचे प्रस्ताव फोडायचा दोनेक वर्षं प्रयत्न केला. २००० साली जिंकला तो दोन बेल्जियन माणसांचा प्रस्ताव, योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमेन यांचा. अमेरिकी सरकारने स्वतःच्या तिजोरीला परदेशी कुलूप लावलं ते का, तर सगळ्यांनी मिळून हाणूनही ते तुटलं नाही. २५६ बिटांची, म्हणजे २५६ शून्य-एकांची किल्ली घेतली तर शक्य किल्ल्यांची संख्या ७८ आकडी होते. चोराने नकाशा वाचला तर वाचू दे. किल्ल्या मोजत बसेल.

उलट उदाहरण हवं असेल तर मायफेअर क्लासिक घ्या. लंडनच्या प्रवासाच्या कार्डात ही चिप होती. आतली पद्धत कंपनीने गुप्त ठेवली होती. संशोधकांनी चिपचा थर न् थर सोलून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि २००८ साली नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या विद्यापीठातल्या मंडळींनी कार्डाची नक्कल करून दाखवली. किल्ली अवघी ४८ बिटांची निघाली. कंपनी निबंध छापू नये म्हणून कोर्टात गेली, कोर्टाने नाही म्हटलं. गुप्ततेने कुलपाचा कमकुवतपणा झाकला होता, बाकी काही केलं नव्हतं.

तुमच्या ऑफिसपुरतं सांगते. अशिलांच्या फायली व्हेराक्रिप्टच्या डब्यात ठेवा. हे ओपन सोर्स आहे, फुकट आहे आणि एखाद्या ड्राइव्हसारखं उघडतं. संध्याकाळी डबा बंद करून घरी जा. आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवू नका. हसू नका, मी तीन ऑफिसांत पाहिला आहे, एका ठिकाणी तर लॅमिनेट केलेला.

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी मी स्वतःची एन्क्रिप्शन पद्धत तयार केली आहे. त्यात अक्षरं उलटी करून, विद्यार्थ्याच्या रोल नंबरने गुणून पुन्हा एईएस लावतो. गाइड सरांना आवडली. परीक्षक मात्र हसले. काय चुकलं?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : तुला 'तू' म्हटलं तर चालेल ना? परीक्षकांनी हसायला नको होतं, पण सांगते काय चुकलं ते.

उलटं करणं, गुणणं वगैरे सजावट आहे. 'च'च्या भाषेत पत्र लिहून ते तिजोरीत ठेवण्यासारखं. तिजोरी भक्कम असेल तर त्याची गरज नाही, नसेल तर उपयोग नाही. खरी मेख तुझ्या त्या शेवटच्या दोन शब्दांत आहे, 'एईएस लावतो'. कसा लावतोस? तू पाठवलेल्या कोडमध्ये मला 'ईसीबी' दिसलं.

ईसीबी म्हणजे मजकुराचे ठोकळे पाडायचे आणि प्रत्येक ठोकळा त्याच किल्लीने वेगवेगळा बंद करायचा. आत सारखं असेल तर बाहेरूनही सारखं दिसतं. २०१३ साली अडोबीकडून १३ कोटींहून जास्त पासवर्ड चोरीला गेले. ते ट्रिपल डीईएस नावाच्या जुन्या कुलपाने, ईसीबी पद्धतीने, एकाच किल्लीने बंद केलेले होते. किल्ली चोरांना मिळाली नव्हती. लागलीच नाही. ज्या लाखो लोकांचा पासवर्ड एकच, त्यांच्यापुढे गिचमिडही एकच होती, आणि शेजारी प्रत्येकाने स्वतःसाठी लिहून ठेवलेली आठवणीची खूण उघड्या अक्षरांत. हजार माणसं एकाच शब्दाला हजार खुणा देत होती, शब्दकोडंच की! १९ लाख लोकांनी १२३४५६ ठेवला होता हे असं कळलं. शिवाय पासवर्ड बंद करून ठेवायचाच नसतो, कारण जे बंद होतं ते उघडतंही. तो आर्गॉन-२ सारख्या चक्कीतून दळून काढायचा. पीठ पुन्हा गहू होत नाही, आणि ही चक्की मुद्दाम जड केलेली असते, म्हणजे चोराला अब्जावधी अंदाज दळून पाहणं परवडू नये.

मग तू काय वापरावंस? लिबसोडियम. ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, 'एनएसीएल' नावाच्या लायब्ररीवरून आली, आणि तिचे कर्ते त्या नावाचा उच्चार 'सॉल्ट' करायला सांगतात. मिठाचं रासायनिक सूत्र, म्हणून. मला ती आवडते ती नावामुळे नाही. तिचा नेहमीचा डबा 'सीक्रेटबॉक्स' घेतलास तर ईसीबी की आणखी काही, असा प्रश्न ती विचारतच नाही. निवड करणाऱ्यांनी आधीच करून ठेवली आहे. ओपनएसएसएल या जुन्या, जिथे तिथे वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत सगळं मिळतं, आणि सगळं मिळतं हीच अडचण. सुऱ्यांच्या दुकानात पोराला एकटं सोडल्यासारखं होतं.

आता या धंद्यातली माझी स्वतःची फजिती सांगते, म्हणजे तुला बरं वाटेल. २००८ चा मे महिना. मी तेव्हा पुण्यातल्या एका कंपनीचे चाळीसेक सर्व्हर सांभाळत होते, सगळ्यांवर डेबियन, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. १३ तारखेला मी आईकडे लोणच्याच्या कैऱ्या फोडत होते आणि रात्री सहकाऱ्याचा फोन आला की डेबियनची सूचना आली आहे, ताबडतोब वाच.

झालं होतं असं. किल्ली तयार करायला यादृच्छिक आकडे लागतात, ज्यांचा अंदाज कोणालाच येऊ नये असे. ओपनएसएसएल ते इकडून तिकडून गोळा करून एका भांड्यात घुसळतं. २००६ साली डेबियनसाठी हे पॅकेज बांधणाऱ्याने व्हॅलग्राइंड नावाचं तपासणीचं हत्यार चालवलं. ते कुरकुरलं की इथे कोरी, काही न लिहिलेली मेमरी वाचली जाते आहे. त्याने ओपनएसएसएलच्या मंडळींना विचारलं, तिकडून हरकत आली नाही, आणि त्याने दोन ठिकाणची एकेक ओळ काढली. त्यातली एक ओळ म्हणजे भांड्यात सगळं ओतणारी ओळ होती. कुरकुर थांबली. भांड्यात उरला फक्त चालू प्रोसेसचा, म्हणजे त्या क्षणी चालणाऱ्या प्रोग्रॅमचा, क्रमांक, आणि तो जास्तीत जास्त ३२,७६८.

म्हणजे जगातल्या एका प्रकारच्या प्रोसेसरच्या सगळ्या डेबियन आणि त्यावरून बनलेल्या उबुंटू यंत्रांवर त्या काळात बनलेल्या एका जातीच्या, एका लांबीच्या किल्ल्या मिळून तेहतीस हजारांच्या आत. साधारण एका तालुक्याच्या गावाची वस्ती. सगळ्या एका संध्याकाळी करून, यादी बनवून ठेवता येतात. जवळपास वीस महिने कोणाला कळलं नाही. वरून किल्ली अगदी धडधाकट दिसायची, लांबीला पूर्ण, आकड्यांनी गच्च भरलेली.

मी रात्री साडेदहाला ऑफिसात पोचले, हाताला कैरीचा चीक तसाच. डेबियनने कच्च्या किल्ल्या ओळखायचं एक छोटं हत्यार दिलं होतं, ते एकेका सर्व्हरवर चालवत गेले. कंपनीतल्या २३ माणसांच्या, सर्व्हर उघडायच्या किल्ल्यांपैकी १७ त्या यादीत निघाल्या. माझ्या दोन्ही. रात्रभर नव्या किल्ल्या बनवल्या, आणि सकाळी ज्यांची वाट बंद झाली होती त्या सगळ्यांचे फोन घेतले. मालकांनी विचारलं, कोणी आत आलं होतं का? मी म्हटलं, आलं असेल तर आपल्याच किल्लीने आलं असेल, नोंद कशी दिसणार. हे उत्तर त्यांना आवडलं नाही.

तेव्हा रोल नंबरच्या भरवशावर राहू नकोस. रोल नंबर तर वर्गाच्या दारावर लागलेला असतो.

प्रश्न : एक्सझेड प्रकरणाबद्दल वाचलं. दोन वर्षं सज्जनासारखं काम करून एकाने आत सुरुंग पेरला म्हणे. मग 'हजारो डोळे कोड तपासत असतात' हे थोतांडच ना?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : निम्मं थोतांड. वाचता येणं वेगळं आणि कोणी वाचणं वेगळं. सार्वजनिक वाचनालयात ज्ञानकोशाचे खंड सगळ्यांना खुले असतात. त्यांतली जोडलेली पानं वाचण्यासाठी कोणी कापून उघडली आहेत का ते जाऊन बघा.

एक्सझेड हे फायली दाबून लहान करायचं साधं हत्यार. सुरक्षेशी त्याचा थेट संबंध नाही. फिनलंडचा लासे कॉलिन वर्षानुवर्षं ते एकट्याने सांभाळत होता, बिनपगारी. २०२२ साली काही अनोळखी खात्यांनी त्याच्यामागे लकडा लावला की सुधारणा होत नाहीत, दुसऱ्या कोणाला तरी हक्क दे. त्याने लिहिलं की प्रकृतीच्या अडचणी आहेत, आणि हा बिनपैशाचा छंद आहे हेही ध्यानात घ्या. त्याच सुमारास 'जिया टॅन' नावाचं एक खातं नेमाने, नम्रपणे मदत करत होतं. यथावकाश किल्ल्या त्याच्याही हाती आल्या. ते खातं कोणाचं हे आजवर उघड झालेलं नाही.

फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या आल्या. चोरदरवाजाचा माल चाचणीच्या फायलींत दडवला होता. मुद्दाम बिघडवलेल्या फायली चाचणीला लागतातच, त्यामुळे त्यांत गिचमिड दिसली तर कोणी चमकत नाही. तो माल उलगडणारी ओळ मात्र सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हतीच, ती फक्त वाटायला बांधलेल्या गाठोड्यात होती. स्वयंपाकघर काचेचं, पण भेसळ डबा भरताना. आणि निशाणा एक्सझेड नव्हताच, एसएसएच होता, म्हणजे जगभरचे सर्व्हर ज्या दाराने उघडतात तेच. डेबियन आणि फेडोरासारख्या लिनक्सच्या प्रकारांत एसएसएचला सिस्टमडी या यंत्र चालू करून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची जोड दिलेली, सिस्टमडी एक्सझेडची लायब्ररी ओढून घेतं, अशी नात्यागोत्यातून वाट काढली होती. मुलीच्या सासरच्या चुलतभावाच्या ओळखीने आत शिरावं तशी.

पकडलं ते आंद्रेस फ्रॉइंड याने. तो मायक्रोसॉफ्टमध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करतो, सुरक्षेचा माणूस नव्हे. वेग मोजत असताना त्याच्या लक्षात आलं की एसएसएचला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! आपण एवढ्या वेळात जांभईही पुरी करत नाही. तो खणत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने जाहीर पत्र टाकलं. त्या आवृत्त्या बहुतेक ठिकाणी अजून चाचणीच्या शाखांपर्यंतच पोचल्या होत्या, म्हणून जग वाचलं. मला यातली सगळ्यात भावलेली गोष्ट ही की काही आठवड्यांपूर्वी त्याच्या यंत्रावर व्हॅलग्राइंड कुरकुरलं होतं आणि ते त्याने मनात ठेवलं होतं. तेच व्हॅलग्राइंड, ज्याचं तोंड बंद करायला २००६ साली डेबियनने ओळी काढल्या होत्या.

तर तुमचं म्हणणं निम्मं खरं, कारण हजारो डोळे नव्हते. पण कोड बंद पेटीत असता तर त्या अर्ध्या सेकंदामागे लागून फ्रॉइंड जास्तीत जास्त कंपनीला एक तक्रार पाठवू शकला असता. इथे तो स्वतः आत उतरला.

डोळे नसण्याचं याहून मोठं उदाहरण हार्टब्लीड, २०१४ चं. ओपनएसएसएलमध्ये दोन यंत्रं मधूनमधून एकमेकांना विचारतात, जागा आहेस ना? विचारणारा काही अक्षरं पाठवतो आणि ती किती आहेत तेही सांगतो. समोरच्याने तीच परत पाठवायची. चूक एवढीच की आकडा खरा आहे का हे कोणी मोजत नव्हतं. शेजारणीला वाटीभर साखर द्यायची, आणि 'माझी घागरभर साखर दे' म्हणून परत मागायची. तिने डब्यातली साखर संपल्यावर फडताळात पुढे जे हाताला लागेल ते घागरीत भरायचं. डाळ, पैसे, मंगळसूत्र. एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत, हवं तितक्या वेळा, आणि कुठे नोंदही नाही. मार्च २०१२ ते एप्रिल २०१४, दोन वर्षं हे चालू शकत होतं. तेव्हा निम्मं इंटरनेट ज्यावर उभं होतं त्या ओपनएसएसएलवर पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक होता आणि वर्षाच्या देणग्या सुमारे २,००० डॉलर. आमच्या सोसायटीचा गणेशोत्सव याहून जास्त वर्गणी जमवतो. त्या फजितीनंतर मोठ्या कंपन्यांनी पैसे काढले, माणसं नेमली गेली.

प्रश्न : मी सगळे पासवर्ड एका डायरीत लिहून कपाटात ठेवते. मुलगा ओरडतो. तो बरोबर की मी?
— एक निवृत्त मुख्याध्यापिका, डोंबिवली

उत्तर : बाई, तुम्ही. निदान बऱ्याच अंशी. तुमच्या कपाटात हात घालायला चोराला डोंबिवलीला यावं लागेल, तेही लोकलने. इंटरनेटवरच्या चोराला ते जमत नाही. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा डायरी शंभर पटीने बरी. मुलाला विचारा, त्याचे किती आहेत?

डायरीला दोन खोडी आहेत. ती जळते, हरवते. आणि हाताने लिहायचं म्हणून आपण पासवर्ड आखूड ठेवतो. कीपासएक्ससी हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर मुलाकडून बसवून घ्या. ते आपणहून इंटरनेटवर काही पाठवत नाही, सगळे पासवर्ड एका बंद फाइलमध्ये ठेवतं, फाइल तुमच्याच संगणकावर. तिच्या दोन प्रती पेन ड्राइव्हवर काढा. लक्षात ठेवायचा फक्त एक मोठा पासवर्ड.

तो असा करा. डाइसवेअर म्हणून पद्धत आहे, १९९५ पासूनची. पाच फासे टाकायचे किंवा एकच पाचदा, येणारे पाच आकडे म्हणजे ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द. असे सहा शब्द घ्यायचे. 'मी आपले छान सहा शब्द निवडते' असं करू नका, आपण निवडायला बसलो की नातवाचं नाव आणि कुलदैवत हटकून येतं. म्हणी तर नकोच, 'अति तेथे माती' चोरालाही पाठ असते. फाशाला नातू नसतो. मग ते सहा शब्द डायरीत लिहा आणि डायरी कपाटात ठेवा. मुलाला कपाटाची किल्ली कुठे आहे ते सांगून ठेवा, आपल्या वयाला तेही लागतं.

प्रश्न : वीजबिल थकल्याचा मेसेज आला. लिंक उघडली तर पत्त्याजवळ कुलपाचं चित्र होतं, म्हणून विश्वास ठेवला. सहा हजार गेले.
— एक दुकानदार, बार्शी

उत्तर : फार वाईट वाटलं. सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन केला नसेल तर अजून करा.

कुलपाचा अर्थ एवढाच होता की तुमच्यापासून त्या साइटपर्यंतची वाट झाकलेली आहे. पलीकडे कोण बसलं आहे हे कुलूप सांगत नाही. पूर्वी या कुलपासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राला पैसे पडायचे. २०१५ च्या अखेरीपासून लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा ते सगळ्यांना फुकट देते, कारण उघड्या वाटेवरून कोणीच जाऊ नये. हे फार चांगलं काम झालं. पण फुकट म्हणजे भामट्यालाही फुकट. तो गैरसमज नको म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चित्रच काढून टाकलं. पत्ता वाचायचा तो उजवीकडून, https:// नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधीचे दोन-तीन तुकडे. नाव ओळखीचं नसेल तर बिल नेहमीच्या ठिकाणी भरा.

प्रश्न : क्वांटम संगणक आले की ही सगळी कुलपं उघडणार असं इथल्या बातम्यांत रोज येतं. आत्तापासून काही करावं का?
— एक वाचक, मेलबर्न

उत्तर : तुम्ही काही करू नका, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा, बस. भीती आहे ती देवाणघेवाणीच्या कुलपांची, म्हणजे दोन अनोळखी यंत्रं आपसांत किल्ली ठरवायला वापरतात त्या आरएसए आणि तत्सम पद्धतींची. एईएसला मोठी किल्ली पुरते. काही लोक आजची बंद पत्रं साठवून ठेवतील आणि उद्या उघडतील, ही शंका खरी आहे, आणि म्हणूनच एसएसएचच्या मंडळींनी २०२२ मध्येच जुनं आणि नवं असं दुहेरी कुलूप मुळातच बसवून दिलं. निस्टने ऑगस्ट २०२४ मध्ये नवी मानकं जाहीर केली, एप्रिल २०२५ च्या ओपनएसएसएल ३.५ मध्ये ती आली. तुम्ही कदाचित आत्ताच वापरत असाल.

प्रश्न : मला कोड येत नाही. तरी या लोकांसाठी काही करता येईल का?
— एक ग्रंथपाल, अंबाजोगाई

उत्तर : येईल. जर्मनीचा वेर्नर कॉख १९९७ पासून जीएनयूपीजी लिहितो. पत्रं बंद करायला पत्रकार ते वापरत आले आहेत, आणि लिनक्सचं पॅकेज अस्सल आहे का हे तपासायलाही वर्षानुवर्षं तेच वापरलं गेलं. २०१५ मध्ये बातमी आली की पैशांअभावी तो टेकीला आला आहे. बातमी फिरली तशा लोकांच्या देणग्या येऊन पडल्या, दोन कंपन्यांनी वर्षाला ५०-५० हजार डॉलर कबूल केले. त्यात कोड न येणारेच जास्त असणार.

पैसे नकोत तर वाचा. सॉफ्टवेअरबरोबर येणारी माहितीपत्रकं कोणी वाचत नाही, आणि ग्रंथपालाला चुकीचं पान ताबडतोब दिसतं. माझी आजवरची एकुलती एक भर अशीच आहे. एका लायब्ररीच्या मार्गदर्शिकेत 'नाही' हा शब्द राहून गेला होता आणि वाक्याचा अर्थ उलटा झाला होता. मी कळवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, एका शब्दाचं : 'थँक्स'. त्या ईमेलची छापील प्रत मी अजून ठेवली आहे.

दुरुस्ती : मागच्या अंकात 'एईएसची किल्ली २५६ अक्षरांची' असं छापलं गेलं. २५६ बिटांची हवं होतं. बाइटमध्ये मोजली तर ३२. सोलापूरची एक बारावीतली मुलगी आणि ठाण्याचे एक निवृत्त टेलिफोन अधिकारी, दोघांनी वेगवेगळं कळवलं. प्रूफ मी दोनदा वाचलं होतं, संपादकांनी एकदा.